अपडेट बंद करून देणं ही सर्व्हिस नव्हे, दादा!

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दुकानात, हापिसात, दवाखान्यात, शाळेत किंवा पतसंस्थेत दोनपेक्षा जास्त संगणक एकमेकांना जोडलेले आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांनी तर नक्की वाचा, कारण तुमच्या आधारकार्डाची झेरॉक्स कुणाच्या तरी संगणकात पडलेली आहेच.

गेल्या आठवड्यात शुक्रवार पेठेतल्या एका कापड दुकानात बसलो होतो. शेठनी नवा लॅपटॉप घेतलेला, विंडोज ११ वाला. त्याच्यावर सर्व्हरचं फोल्डर उघडंना. नेहमीचा हार्डवेअरवाला पोरगा आला, दहा मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, "झालं काका. सिक्युरिटीचं काहीतरी आडवं येत होतं, ते काढून टाकलं. अपडेटपण बंद करून दिलंय, आता परत त्रास नाही." शेठनी पाचशेची नोट दिली, वर चहा पाजला.

आता त्या पोरानं नेमकं काय केलं ते सांगतो. विंडोज ११ ची २०२४ साली जी आवृत्ती आली, तिच्यात प्रो वाल्या संगणकांसाठी दोन गोष्टी बदलल्या. बिनपासवर्डाच्या शेअर फोल्डरमध्ये 'पाहुणा' म्हणून घुसणं बंद झालं. आणि दोन संगणकांमधल्या प्रत्येक निरोपावर सही असलीच पाहिजे असं ठरलं, म्हणजे मधल्यामध्ये कुणी निरोप बदलू नये. शेठचा सर्व्हर बिनपासवर्डाचा आहे, कुणीही या, काहीही घ्या. नवा लॅपटॉप सांगत होता की हे घर उघडं आहे, मी आत येणार नाही. पोरानं घराला कुलूप लावलं नाही. लॅपटॉपचं तोंड बंद केलं. आणि पाचशे रुपये घेतले.

पोरगा वाईट नाही बरं का. मी त्याला ओळखतो, कष्टाळू आहे. आणि हे जे तो करतो ते मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. म्हणूनच लिहितोय.

आधी हे 'सर्व्हर' प्रकरण काय ते साध्या भाषेत. आपल्याकडे सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यातला एक जुना संगणक, ज्यावरचं एक फोल्डर सगळ्यांना उघडं केलेलं असतं. टॅलीचा डेटा त्यात, बिलं त्यात, पगाराची एक्सेल त्यात, गिऱ्हाइकांची कागदपत्रं स्कॅन केलेली त्यात. बाकीचे संगणक ते फोल्डर नेटवर्कवरून उघडतात. हे उघडण्याची जी भाषा आहे तिला एसएमबी म्हणतात. विंडोजमध्ये ती आतच असते. लिनक्सवर तीच भाषा बोलायला सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं. (शोलेतला सांबा नव्हे.) बाजारात मिळणारे ते छोटे स्टोरेजचे डबे, ज्याला नास म्हणतात, त्यांच्या पोटातही बहुधा सांबाच असतं. या सॉफ्टवेअरमध्ये चुका निघतात, चुका दुरुस्त करणारे अपडेट येतात आणि फुकट येतात. एवढीच गोष्ट आहे. आणि एवढीच आपण करत नाही.

आता माझी कबुली.

२०१८ चा मे महिना. शाळेच्या गणवेशाचा सीझन म्हणजे आपल्याकडे दिवाळीच. एका युनिटचं संगणकाचं काम माझ्याकडे होतं. सात संगणक, सगळे विंडोज ७, एकही ओरिजिनल नाही. अपडेट मीच बंद केलेले, कारण अपडेट आलं की पडदा काळा पडायचा आणि 'ही प्रत अस्सल नाही' असं यायचं. मालक वैतागायचे, मला फोन करायचे. अपडेट बंद केलं की फोन बंद. मला वाटायचं मी चांगलं काम केलं.

एका गुरुवारी पॅकिंगच्या टेबलावरच्या संगणकावर एक मेल उघडला गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सातही संगणकांवर फाइलींची नावं बदललेली आणि पैसे मागणारी पाटी. बॅकअप होता की! यूएसबीची डिस्क होती. ती सर्व्हरलाच चोवीस तास लावलेली होती. तीही गेली.

मालकांचं नुकसान झालं ते झालं. पण त्या सर्व्हरवर एक एक्सेल होती. घरी मशीनवर शिवणाऱ्या बायकांनी कुणी किती डझन आणून दिले त्याची. शनिवारी त्यावरून पैसे वाटायचे. त्या शनिवारी हिशेब तोंडी झाला. तोंडी हिशेबात कोण हरतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. एक मावशी म्हणत होत्या, "माझे बेचाळीस डझन होते भाऊ." त्यांना पस्तीसचे पैसे मिळाले. त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, कारण 'आता सगळं कंप्युटरात असतं' म्हणून चिठ्ठ्या बंद केलेल्या. तेही माझ्याच सल्ल्यानं.

त्या मावशींनी अपडेट हा शब्द आयुष्यात ऐकला नसेल. सात डझन शिलाई त्यांची गेली.

मी नंतर तारखा बघितल्या तेव्हा खरी लाज वाटली. ज्या छिद्रातून तो व्हायरस एका संगणकावरून बाकी सहा संगणकांवर गेला, ते एसएमबीतलं छिद्र बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिला होता. आमच्याकडची घटना मे २०१८ ची. चौदा महिने औषध फुकट मिळत होतं आणि मी दार बंद करून बसलो होतो.

आणि मधल्या काळात जगात काय काय झालं होतं! १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. त्याच छिद्रातून, अपडेट येऊन दोन महिने झाल्यावर. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त संगणक. बळी पडलेले बहुतेक विंडोज ७ वाले. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत एकोणीस हजारांहून अधिक पेशंटच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असा तिथल्या सरकारी लेखापरीक्षणाचा अंदाज आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे: लागण झालेल्या प्रत्येक संस्थेत विंडोज एक तर अपडेट न केलेलं होतं, नाहीतर कंपनीनं सोडून दिलेलं जुनं. आपल्याकडे आंध्रात पोलीस खात्याचे संगणक गेले, केरळात ग्रामपंचायतीचे गेले.

तेव्हा टीव्हीवर आठवडाभर हेच चाललं होतं. आपण काय केलं? व्हॉट्सअॅपवर 'दोन दिवस एटीएमला जाऊ नका' हा मेसेज फिरवला. सर्व्हर तसाच.

पुढे जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या आला. यानंही तेच छिद्र वापरलं, जोडीला संगणकातून चोरलेले पासवर्ड वापरले. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क कंपनीच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनरची रांग लागली. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जाहीर सांगितलं की दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. तीसेक कोटी डॉलरपर्यंत नुकसान. त्यांनी सोसलं, कारण ती मर्स्क आहे. आपल्या बाजारातला बारा मशीनवाला कारखानदार दहा दिवस बंद ठेवून टिकेल का?

आता काही हुशार मंडळी कमेंटमध्ये म्हणतील, 'आमच्याकडे विंडोज नाही, आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, आम्हाला काय होत नाही.' थांबा.

सांबा हे फार गुणी सॉफ्टवेअर आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या माणसानं १९९२ च्या सुरुवातीला त्याची पहिली आवृत्ती बाहेर काढली. तेव्हापासून जगभरचे लोक ते सांभाळतात आणि कुणालाही फुकट देतात. पण फुकट मिळतं म्हणून त्यात चुका नसतात असं कुणी सांगितलं? २४ मे २०१७ ला, म्हणजे वॉनाक्रायनंतर बारा दिवसांनी, सांबातली एक मोठी चूक जाहीर झाली. ज्याला शेअर फोल्डरमध्ये फाइल टाकता येते तो आपली फाइल टाकून सर्व्हरकडून ती चालवून घेऊ शकत होता. चूक २०१० साली आलेल्या ३.५ आवृत्तीपासून आत होती, सात वर्षं. दुरुस्ती त्याच दिवशी आली. आणि आठवडाभरात लोक ती चूक वापरून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर आभासी चलन खोदायला लागले. आता विचार करा, आपल्याकडच्या बिनपासवर्डाच्या, सगळ्यांना लिहायला मुभा असलेल्या फोल्डरचं काय? असली चूक वापरायला चोराला दुसरं काही लागतच नाही.

३१ जानेवारी २०२२ ला आणखी एक निघाली, अॅपलच्या संगणकांशी जुळवून घेण्यासाठी सांबात जो भाग आहे त्यातली. तिलाही धोक्याचे गुण दहापैकी जवळजवळ दहा. दुरुस्ती लगेच आली. प्रश्न तोच: तुमच्या डब्यात ती कुणी टाकली? सांबावाले साधारण सहा महिन्यांनी नवी मोठी आवृत्ती काढतात आणि तिला दीडेक वर्ष सांभाळतात. त्यापुढे तुम्ही पुढच्या आवृत्तीवर जायचं, किंवा डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर राहून त्यांच्याकडून दुरुस्त्या घ्यायच्या. नासचा डबा असेल तर डब्याच्या कंपनीनं द्यायच्या. डबा जुना झाला की कंपनी देणं बंद करते. आपल्याकडे मात्र डबा म्हणजे कपाट. एकदा घेतलं की नातवापर्यंत!

बरं, आता समोरच्या बाजूचं ऐकून घेऊ, कारण त्यांच्या म्हणण्यातही दम आहे.

'अपडेट टाकलं की चालू काम बिघडतं.' खरंय. सप्टेंबर २०२१ चा विंडोजचा अपडेट आठवतोय ना? दुसऱ्या दिवशी निम्म्या बाजारातले शेअर केलेले प्रिंटर बंद, सगळीकडे तो ११बी वाला एरर. हार्डवेअरवाल्यांचा फोन थांबत नव्हता. आम्ही सगळ्यांनी काय केलं? तो अपडेट काढला आणि कायमचा बंद केला. १९ जुलै २०२४ तर जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरचे संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आणि तो नॉटपेट्या? तो युक्रेनमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. हे लपवून मला वाद जिंकायचा नाही.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? दूध नासतं म्हणून पोराला दूध देणं बंद करत नाही कुणी. उकळून देतो. तसं अपडेट आधी एका संगणकावर टाका, दोन-चार दिवस बघा, मग बाकीच्यांवर टाका. टाकायच्या आधी बॅकअप घ्या. प्रिंटर बंद पडला तर प्रिंटरचा ड्रायव्हर सुधारा, सगळ्या इमारतीचं दार काढून ठेवू नका. बिघडलेला अपडेट दिवसा-दोन दिवसांत समजतो आणि मागं घेता येतो. न टाकलेला अपडेट ज्या दिवशी समजतो त्या दिवशी मागं घ्यायला काही उरलेलं नसतं.

'स्कॅनर जुना आहे, त्याला जुनीच भाषा कळते.' हे तर रोजचं. एसएमबीची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. ती वापरू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्ट २०१६ पासून ओरडतंय, २०१७ अखेरपासून नव्या विंडोजमध्ये ती आपणहून बसतही नाही. आपण एका जुन्या झेरॉक्स मशीनसाठी ती सर्व्हरवर परत चालू करतो. एका मशीनपायी सगळं दुकान तीस-चाळीस वर्षं मागं. त्या मशीनला मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन पाठवायला लावा. चालतंय की.

'ओरिजिनल विंडोज परवडत नाही.' हे खरं दुखणं आहे आणि याच्यावर कुणी बोलत नाही. चोरीचं विंडोज, म्हणून अपडेट बंद. अपडेट बंद, म्हणून दार उघडं. सगळी साखळी तिथून सुरू होते. पण शेठ, दुकानाच्या फर्निचरला लाखो रुपये घालता, लायटिंगला घालता, आणि ज्याच्यात सगळी उधारी लिहिलीय त्या संगणकाला काही हजार नाहीत? आणि खरंच नसतील तर फाइलींचा सर्व्हर लिनक्स-सांबावर टाका. लायसन्सचा खर्च शून्य, अपडेट कायदेशीर आणि फुकट. फक्त ते करणारा माणूस नेमा आणि त्याला त्याचे पैसे द्या.

खरा मुद्दा इथं आहे. आपल्याकडे अपडेट हे कुणाचंच काम नाही. एएमसीच्या कागदावर काय असतं? 'संगणक, प्रिंटर, नेटवर्क देखभाल, तक्रार आल्यास भेट.' तक्रार आल्यास! म्हणजे बिघडल्यावर पैसे आणि न बिघडू दिल्याचे पैसे नाहीत. मग पोरगा अपडेट कशाला टाकेल? टाकलं आणि काही अडलं तर शिव्या त्याला. बंद केलं तर चहा. आपणच त्याला शिकवलंय की अपडेट बंद करणं म्हणजे चांगली सर्व्हिस. दोष एकट्या त्या पोराचा नाही.

आणि हा फक्त दुकानदारांचा खासगी मामला असता तर मी एवढं टंकलं नसतं. तुमच्या घरातल्या पोरांचे जातीचे दाखले शाळेच्या संगणकात आहेत. तुमच्या आईचे रिपोर्ट लॅबच्या फोल्डरमध्ये आहेत. तुमच्या सोनेतारणाचे कागद पतसंस्थेच्या सर्व्हरवर आहेत. सरकारी कार्यालयांतल्या स्कॅन केलेल्या फाइलींचं तर विचारूच नका. आपलं शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत, जानेवारी २०१६ ला आलं. स्मार्ट सिटीत नागरिकानं एवढं विचारलं तर चुकलं का, की ज्या सर्व्हरवर माझी माहिती आहे तो शेवटचा कधी अपडेट केला?

विचारायचा हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होतेय. लोकांच्या माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे की असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनीसुद्धा. आपल्याकडे सहा तास तर 'कुणाला सांगू नका, नाव खराब होईल' हे ठरवण्यात जातात.

तर माझी मागणी साधी आहे. एएमसी असो की सरकारी टेंडर, कागदावर ह्या पाच ओळी आल्या पाहिजेत:

१. महिन्यातून एकदा सर्व्हर आणि सगळे संगणक अपडेट होतील. त्याची तारीख वहीत लिहिली जाईल आणि सही होईल. मोठ्या धोक्याचा अपडेट असेल तर महिना संपायची वाट बघायची नाही.

२. ज्याला कंपनी किंवा संस्था अपडेट देणं बंद करते असं विंडोज, सांबा, नासचा डबा सर्व्हर म्हणून चालणार नाही. (विंडोज ७ जानेवारी २०२० ला संपलं, विंडोज १० चा साधा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.)

३. बिनपासवर्डाचं शेअर फोल्डर बंद. ज्याला जेवढं लागतं तेवढंच फोल्डर त्याला. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद.

४. शेअरिंगचं दार, म्हणजे राउटरवरचं ४४५ नंबरचं पोर्ट, इंटरनेटला उघडं ठेवायचं नाही. मालकांना घरून सीसीटीव्ही आणि फाइली बघायच्यात म्हणून सुद्धा नाही.

५. बॅकअपची एक डिस्क काढून कपाटात. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून फाइल परत आणून दाखवायची. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत.

या कामाचे वेगळे पैसे द्या. हक्कानं द्या आणि हक्कानं वसूल करा.

आणि तुम्ही सभासद असाल तर एक काम करा. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. लाभांश आणि नाश्ता याच्यापलीकडे एक प्रश्न विचारा: 'अध्यक्षसाहेब, आपला सर्व्हर शेवटचा कधी अपडेट झाला? वही दाखवा.' हसतील लोक, हसू द्या. पुढच्या वर्षी उत्तर तयार ठेवतील.

मी २०१८ नंतर एकाही संगणकावर अपडेट बंद करून दिलेलं नाही. त्यापायी दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. 'तुमच्यापेक्षा तो पोरगा बरा, पटकन करून देतो,' म्हणाले. जाऊ द्या.

त्या मावशींचे सात डझनाचे पैसे मी पुढं नेऊन दिले. घेत नव्हत्या. "तुमचा काय संबंध भाऊ?" म्हणाल्या. संबंध होता. तो मला चौदा महिने उशिरा कळला.

तुमच्या इथं अपडेट कोण टाकतं? कमेंटमध्ये फक्त हो किंवा नाही लिहा. दुकानाचं, संस्थेचं नाव लिहू नका. नाही असेल तर आज संध्याकाळी दुकान वाढवायच्या आधी त्या पोराला फोन करा. आणि ह्या वेळी अपडेट चालू केल्याचा चहा पाजा.